गाडीमागची होडी

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दारात टेम्पो उभा. वर लांबलचक हिरवी होडी. मला वाटलं पत्ता चुकला. कन्हेरीत होडी कोण मागवतंय! इथं कालव्याला पाणी सुटलं तरच पाण्याचा आवाज ऐकू येतो.

"मिलिंदरावांचं घर हेच ना?"

आतून कुबड्यांची टकटक. नवरोबा ओट्यावर हजर. (तोंडावर 'अहो', वहीत मात्र नावानंच लिहिणार. माझी वही आहे.) म्हणतो कसा, "हळू उतरवा, फायबर हाय." जसं काही रोज होड्या उतरवून घेतो.

भांडायच्या तयारीनं पदर खोचला होता. मग तोंडाकडं लक्ष गेलं. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. पाय गेल्यापासून दीड वर्षात हा माणूस दवाखान्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडलेला नाही. दाढी तर मी चारदा म्हटल्याशिवाय नाहीच. आज होडी येणार म्हणून आपणहून केली.

भांडण उद्यावर टाकलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

भांडले. उपयोग शून्य.

भिगवणच्या बाजूला कुठलं तरी पर्यटन केंद्र बंद पडलं, सामान विकायला काढलं, ह्यानं मोबाइलवर बघितलं. "कनू म्हणत्यात तिला. दोन माणसांची हाय. वल्ही पण दिलीत."

"आणि पाण्यापर्यंत जाणार कशी?"

"गाडीवरनं."

"कुठल्या?"

"तुझ्या."

माझी गाडी! लोणी भापकरच्या आरोग्य केंद्रात ड्यूटीला जायला घेतलेली. चार माणसं बसली की चढाला कुथते. होडी तिच्यापेक्षा लांब.

जेवताना मात्र बोलत होता. ह्याच्या मामांचं गाव इंदापूरकडं, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला. सुट्टी लागली की हा आणि अशोक, माझा धाकटा दीर, तिथं पडीक. मामा झोपले की त्यांची लाकडी होडी सोडायची आणि पार मधे जाऊन... अशोकचं नाव तोंडात आलं तसा गप्प झाला. ताट सरकवलं. तरी दोन भाकरी खाऊन झाल्या होत्या, मी बघितलं.

९ नोव्हेंबर, रवि.

हंगाम सुरू. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेत. मिलिंदनं खिडकी लावून घेतली. मागच्या हंगामातही लावली होती, ती उन्हाळ्यात उघडली.

आपलाही ट्रॅक्टर होता. मागं दोन ट्रेलर. दोघं भाऊ ऊस ओढायचे. एक स्टेअरिंगवर, एक मागं ट्रेलरची पिन घालायला. चाकाखाली दगड लावल्याशिवाय ट्रॅक्टर-ट्रेलरच्या मधे शिरायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण कारखान्यावर नंबर लागला की घाई. मागच्यांच्या शिव्या नकोत म्हणून ट्रॅक्टर हलता ठेवूनच पिन घालायची, सगळेच घालतात, ह्यांनी पंधरा वर्षं घातली. त्या दिवशी ट्रेलर उतारानं पुढं आला. उजवा पाय, गुडघ्याखाली. स्टेअरिंगवर अशोक होता.

दवाखान्यात अशोक शेवटपर्यंत होता. रक्त त्यानंच दिलं. पण मिलिंदला घरी आणलं त्या दिवसापासून त्याचं पाऊल नाही इकडं. ट्रॅक्टर विकला, इंदापूरला सासुरवाडीजवळ खोली घेतली, डाळिंबाच्या पॅकिंगला जातो. मिलिंदनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. आणि बोलावलंही नाही. मी मधल्यामधे.

१३ नोव्हेंबर, गुरु.

गाडीला कॅरिअर बसवून आणलं, बारामतीतून. दुकानदाराला म्हटलं होडी न्यायचीय. त्यानं दुसऱ्या पोराला हाक मारली, "मॅडमना शिडीचं कॅरिअर दे." म्हटलं शिडी नाही, होडी. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

आडव्या दांड्यांना स्पंजचे पाइप घातले, होडी घासू नये म्हणून. पुढचं टोक गाडीच्या खालच्या हुकाला बांधायचं, मागचं मागच्याला. नाहीतर वाऱ्यानं पुढचं टोक उचलतं. हे मिलिंदचं. मोबाइलवर बघून बघून पंडित झालाय.

बोलतोय तोपर्यंत पंडित होऊ दे.

१६ नोव्हेंबर, रवि.

काय लिहू.

सकाळी शेजारचे चौघे बोलावले, होडी वर चढवायला. मिलिंद अंगणात खुर्चीवर. बांधायची वेळ आली तसा म्हणाला, "सरका, ते माझं काम हाय." पट्टे आणले होते ते बाजूला टाकले. काथ्याचा दोर मागवला, गाडीला टेकून उभा राहिला, दोर होडीवरून टाकला, त्यात दांडकं घातलं आणि पिळा द्यायला लागला. उसाच्या ट्रेलरला देतात तसा. दोर नुसता वाजत होता. चौघे बघत होते आणि मिलिंदच्या दंडावर मला पूर्वीच्या शिरा दिसत होत्या. मी पण बघतच बसले. थांबवायला पाहिजे होतं का? मला तरी काय कळतंय त्यातलं.

"आता वादळ आलं तरी हलायची न्हाय."

हललीच नाही. भिगवण रोडला एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि डोक्यावर कट्ट असा आवाज. उतरून बघितलं तर दोराखाली होडीची कड दबून चिरलेली. हातभर चीर.

मिलिंद खिडकीतून बघत होता. उतरला नाही. म्हणाला, "उसाचं बरं असतं. आवळून मोडला तरी रसच निघायचा." आणि मग, "घे मागं."

पाणी बघितलंच नाही आम्ही.

२० नोव्हेंबर, गुरु.

खिडकी बंद. दाढी बंद. होडी अंगणात पालथी, कोंबड्या वर बसतात.

मुलीचा पुण्याहून फोन. "पप्पा कसे आहेत?" म्हटलं होडीसारखेच आहेत. तिला कळलं नाही, ते बरंच झालं.

२३ नोव्हेंबर, रवि.

होडी मीच दुरुस्त केली!

बारामतीत फायबरची टाकी दुरुस्त करतात त्या माणसानं कापड आणि रसायन दिलं, कसं लावायचं ते सांगितलं. ऐकता ऐकता लक्षात आलं, हे तर प्लास्टर. कापड भिजवायचं, सुरकुती न पडू देता बसवायचं, वरून हात फिरवायचा, वाळेपर्यंत हलवायचं नाही. नोकरी लागल्यापासून किती हातपायांना केलंय.

अंगणात बसले. मास्क, हातमोजे, सगळं. थोड्या वेळानं कुबड्या वाजल्या. मिलिंद शेजारी येऊन टेकला, काही न बोलता रसायनाचा डबा धरला. मी हात पुढं केला की डबा पुढं यायचा.

"तू दवाखान्यात असंच करतीस?"

"असंच. पेशंट ओरडतो एवढाच फरक."

हसला. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं काम त्यानं आज पहिल्यांदा बघितलं. मला फार बरं वाटलं, ते इथं लिहून ठेवते.

३० नोव्हेंबर, रवि.

चीर भरली. वरून हिरवा रंगही दिला, जरा वेगळा हिरवा आला.

मी म्हटलं आता पट्ट्यांनी बांधू, नुसते हातानं ओढून, पिळा नाही. पुन्हा बोलावते चौघांना.

"नको."

"का?"

"चार माणसं बोलवायची, त्यांनी चढवायची, त्यांनी उतरवायची. मी खुर्चीत. मग त्यात माझं काय?"

मी परात पुढं ओढली. मग तोच म्हणाला, "ट्रेलर करू. बारका. गाडीमागं. खाली असला की मी एकटा सरकवतो होडी."

ट्रेलर हा शब्द ह्या घरात दीड वर्षात कोणी काढलेला नाही. मी कणीक मळत होते, मळतच राहिले. तो अगदी साधं बोलला, बादली म्हणावं तसं.

६ डिसेंबर, शनि.

सकाळी विहारात. पांढरी साडी. मिलिंद नाही आला, पण म्हणाला "पुढच्या वेळी बघू." आधी नुसता 'नाही' असायचा.

अशोक आला होता. मागं खांबाजवळ उभा. इंदापूरला विहार नाही का, पण आला इथंच. बारीक झालाय. वंदना झाल्यावर बाहेर माझ्यापुढं येऊन थांबला.

"जयभीम वैनी. दादा?"

"घरी आहेत. चला की, चहा घ्या."

चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

मिलिंदला सांगितलं, अशोक भेटला. "बरा हाय का?" म्हटलं बारीक झालाय. संध्याकाळी परत विचारलं, "बारीक म्हंजे किती?"

१४ डिसेंबर, रवि.

शेखभाईंच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर गेलो. गेलो, म्हणजे दोघंही! मिलिंद गाडीतून उतरला, शेडमधे खुर्चीवर बसला आणि तासभर बोलला. चाकं एवढी, दांडा एवढा लांब, होडी बसायला पाळणा, त्याला रबर. वजन थोडं पुढच्या बाजूला पाहिजे, मागं गेलं तर ट्रेलर शेपटी हलवतो. शेखभाई मान डोलवत होते.

गाडीला मागं हूक. मी म्हटलं बंपरला लावा. दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लहान झाले. बंपर म्हणजे नुसतं प्लास्टिक म्हणे. हूक खालच्या लोखंडी चासीला लागतो. शिवाय जोडणी निसटलीच तर म्हणून एक साखळी. आणि ट्रेलरला मागं लाल दिवा, ब्रेकचा, वळायचा, सगळे गाडीच्या वायरला जोडून.

मग शेखभाईंनी सहज विचारलं, "हूक कोण लावणार? ताई? दोन्ही हात लागतात. एकानं उचलायचा, एकानं खटका दाबायचा."

मिलिंदनं कुबड्यांकडं बघितलं.

"मी लावणार," म्हणाला.

१६ डिसेंबर, मंगळ.

कपाटामागून कृत्रिम पाय काढला. त्यानं स्वतः. दवाखान्यातून आणल्यापासून एकदाच घातला होता, तेव्हा भिंतीवर फेकला होता. अजून पोपडा आहे तिथं.

मी मोजे आणून ठेवले, पावडर ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. कुकर लावायची गरज नव्हती.

२२ डिसेंबर, सोम.

पाय घासला गेलाय, फोड. ड्रेसिंग केलं. म्हटलं दोन दिवस विश्रांती. ऐकत नाही. भिंत धरून ओट्यापर्यंत, ओट्यावरून नळापर्यंत. दुखलं की शिव्या देतो. जुन्या शिव्या, ट्रॅक्टरवरच्या. किती दिवसांनी ऐकल्या! शेजारीण विचारत होती भांडण झालं का. म्हटलं नाही हो, सगळं बरं चाललंय.

२८ डिसेंबर, रवि.

ट्रेलर आला. निळा. छान दिसतो.

आरटीओत विचारून आले होते, नोंद करावी लागते म्हणाले, ती केली. रस्त्यात कोणी अडवून परत फिरवलेलं मला चालणार नाही. एकदा परत फिरलोय तेवढं पुरे.

होडी मिलिंदनं एकट्यानं चढवली. एक टोक पाळण्यावर टेकवायचं, मग मागून ढकलायचं. घामाघूम. मी पुढं झाले तर डोळे वटारले. पट्टे मीच लावले, त्यानं सांगितलं तसे. ओढायचा, पण फायबर दबलेलं दिसलं की थांबायचं. मागच्या टोकाला लाल फडकं. माझ्या जुन्या परकराचं आहे, हे गावाला कळू नये.

४ जानेवारी, रवि.

नाचक्की. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात ट्रेलर मागं घ्यायचा सराव. मी डावीकडं वळवते, ट्रेलर उजवीकडं जातो. मी उजवीकडं, तो भलतीकडंच. शेवटी गाडी आणि ट्रेलर कोन करून उभे. दोन म्हाताऱ्या बांधावर येऊन बसल्या बघायला.

मिलिंद खुर्चीवरून, "अगं हात खाली धर! स्टेअरिंगच्या बुडाला! आता ट्रेलर जिकडं न्यायचा तिकडंच हात ने."

केलं तसं. आणि गेला की! सरळ नाही, पण गेला.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"मामानं. त्याचा पहिला ट्रॅक्टर आला तवा. मला आन् अशोकला." ह्या वेळी नाव घेऊन थांबला नाही. "अश्या माझ्या आधी शिकला."

११ जानेवारी, रवि.

आता ट्रेलर माझं ऐकतो. मिलिंद म्हणाला, "तू तर फुकट दवाखान्यात गेलीस. ट्रॅक्टरवर पायजे हुतीस." गाल गरम झाले. ह्या वयात.

१८ जानेवारी, रवि.

पण हे जमत नाही.

आतापर्यंत सरावाला हूक शेखभाईंचा माणूस येऊन लावून जायचा. आज मिलिंद म्हणाला मी लावतो. पाय घातला, गाडी आणि ट्रेलरच्या मधे उभा राहिला, हात वर केला. "ये, मागं ये."

आरशात तो. त्याच्यामागं ट्रेलर. मी रिव्हर्स टाकला आणि माझा पाय ब्रेकवरून उचलेना. खरंच उचलेना. चाकांना दगड होते, मीच लावले होते, दोनदा बघितले होते. तरी नाही.

"ये की!"

"नाही येत."

"सुनंदा, मागं घेताना डोळे मागच्या माणसाचे. तू फक्त ऐकायचं."

"मला ऐकायचंच नाही!" एवढ्या जोरात ओरडले की कोंबड्या उडाल्या.

मग गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, चावी काढून ब्लाउजमधे ठेवली आणि उतरले. ट्रेलर रिकामा हलकाच आहे. दोघांनी ढकलत ट्रेलरच गाडीपर्यंत आणला. गाडीनं मागं जायचं कशाला? मिलिंदनं दोन्ही हातांनी हूक उचलून बसवला, खटका दाबला, साखळी अडकवली. कुबड्या भिंतीला.

"चावी काढलीस. आता बॅटरी पण काढून ठिव."

"ठेवीन."

हसत होता. पण साखळी त्यानं परत एकदा ओढून बघितली. बाहेर ट्रॅक्टर गेला एक, गाणं लावून. मग तिथंच ट्रेलरच्या दांड्यावर बसून त्यानं त्या दिवसाचं सांगितलं, पहिल्यांदा. पाय अडकला तेव्हा अशोकनं खाली उडी मारून एकट्यानं ट्रेलर रेटला. भरलेला ट्रेलर. एकट्यानं. "रेटला गं त्यानं. कसा रेटला काय म्हाईत." मला हे ठाऊकच नव्हतं. दीड वर्ष मी अशोकला फक्त स्टेअरिंगवर बघत होते.

१ फेब्रुवारी, रवि.

आज पाणी बघितलं.

सकाळीच निघालो. मागं होडी. रस्त्यानं जो तो वळून बघतोय. भिगवणच्या पुढं एकसारखा भुणभुण आवाज, मला वाटलं इंजिन गेलं. मिलिंद म्हणाला पट्टे वाऱ्यानं वाजतात, प्रत्येक पट्ट्याला एक पीळ दे. दिला. आवाज बंद. उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते, मिलिंदनं काच खाली केली होती. एका ड्रायव्हरनं ह्याला ओळखून हॉर्न दिला. ह्यानं हात केला.

मामांचं गाव. मामा नाहीत आता, पण उतार तोच म्हणे, मासेवाल्यांच्या होड्या लागतात तो. पाणी लांबवर. कडेला गुलाबी पाय घेऊन रोहित पक्षी उभे.

उताराला ट्रेलर मागं घेत पाण्यात न्यायचा, मग होडी आपोआप तरंगते. ढकलून भागणार नाही, चिखलाचा उतार आहे. मागं कोणीतरी उभं राहून सांगायला हवं. मिलिंद उभा राहिला. पाय चिखलात, हात वर.

नाही जमलं. रानात जमतं, तो खुर्चीवर असला की जमतं. इथं नाही. स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले. चाळीस कि.मी. आणून त्याला पाण्यापासून दहा पावलांवर ठेवला.

तो खिडकीशी आला. "असू दे. पाणी बघितलं, बास आजला." आणि डोक्यावर हात ठेवला. चिखलाचा हात, केस भरले. तिथंच काठाला बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

मी आणलेली दोन तरंगायची जॅकेटं काढली. मी आधी बजावलं होतं, ह्याशिवाय पाण्यात नाही. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती, तरी ह्याच्याबरोबर बसायचं मनाशी ठरवलं होतं. माझं मी अंगात घालून बघितलं.

मिलिंद बघत होता. म्हणाला, "ते अशोकला बसंल का गं?"

राग आला. खोटं कशाला लिहू. तीन महिने होडीला प्लास्टर मी करायचं, ट्रेलर मी शिकायचा, परकर माझा, आणि पुढच्या जागेवर अशोक. जॅकेट काढून घडी घातली. घडी होत नाही त्याची. मग मिलिंदकडं बघितलं. पाण्याकडं बघत होता, आणि तोंड असं झालं होतं की माझा राग कुठं गेला कळलंच नाही. होडी घेतली त्या दिवसापासून ती दोघा भावांचीच होती. 'दोन माणसांची हाय' हे त्यानं मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, मी आपलं दुसरं माणूस मलाच धरलं.

"बसेल. बारीक झालाय," म्हटलं. "विचारा त्यालाच."

फोन लावला त्यानं, तिथूनच. दीड वर्षानं. एवढंच बोलला, "अश्या, मामाच्या उताराला हाय. ट्रेलर मागं घ्यायला माणूस पायजे. पुढच्या रव्वारी ये."

तिकडून काय आलं ऐकू नाही आलं. मिलिंदनं फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाला?"

"कायच न्हाय. रडतंय येडं."

५ फेब्रुवारी, गुरु.

अशोकचा फोन नाही. मिलिंद विचारत नाही, मी विचारत नाही. ड्रेसिंग करताना म्हणाला, "आला न्हाय तरी जायचं." म्हटलं जायचं.

८ फेब्रुवारी, रवि.

हे गाडीत बसून लिहितेय. उतारावर. अक्षर वाईट येतंय.

आलो तेव्हा अशोक आधीच होता. मोटारसायकल झाडाखाली, हा लांब उभा. जवळ येईना. मिलिंद कुबड्यांशिवाय त्याच्याकडं चालत गेला, हळूहळू, चिखलातून. अशोक त्या पायाकडं बघत होता. त्यानं घातलेला पाय बघितलाच नव्हता कधी.

"बस गाडीत. मी मागं हुबा ऱ्हातो," मिलिंद म्हणाला.

अशोक दोन पावलं मागं सरकला. "न्हाय दादा. स्टेअरिंगला हात न्हाय लावणार मी. पाया पडतो."

मला वाटलं संपलं. मिलिंद ओरडेल, किंवा गप्प होईल, आणि आम्ही परत फिरू. मिलिंदनं थोडा विचार केला.

"बरं. मग तू मागं हुबा ऱ्हा. वैनी घेती. मी तिच्या शेजारी बसतो. तू सांग."

आणि खरंच येऊन माझ्या शेजारी बसला. काच खाली केली. मी रिव्हर्स टाकला, हात स्टेअरिंगच्या बुडाला. आरशात अशोक. काही आवाज नाही. मी थांबले. मिलिंद पण थांबला, समोर बघत.

मग मागून आलं, अगदी बारीक, "...या, वैनी. या."

माझा पाय उचलला. आपोआप.

"या. या. डावीकडं थोडं. या... या..." आवाज वाढत गेला. शेवटी शेवटी तर रानात ओरडतात तसा ओरडत होता. मिलिंदनं डोळे मिटले होते. "बास! बास! थांबा!" आणि मागं पाण्याचा आवाज.

पट्टे अशोकनंच सोडले. होडी तरंगली. मिलिंदला धरून मागच्या जागेवर बसवलं मी, कृत्रिम पाय काढून माझ्याकडं दिला त्यानं, "ह्याला पाण्याचं काम न्हाय." दुसरं जॅकेट अशोकच्या हातात दिलं. त्यानं घातलंय. बंद नाही लावला.

मी गाडीत येऊन बसले. तो पाय माझ्या शेजारच्या सीटवर आहे.

आता समोर, मांडीएवढ्या पाण्यात अशोक उभा आहे. दोन्ही हातांनी होडीची कड धरलेली, मी भरलेल्या चिरेच्या जरा पुढं. मिलिंद मागच्या जागेवर, वल्हं आडवं मांडीवर. पुढची जागा रिकामी. मिलिंद काहीतरी बोलतोय, इथवर येत नाही. अशोक मान हलवतोय. हो म्हणून की नाही म्हणून, पाठमोरा आहे, कळत नाही.

बराच वेळ झाला. चढत पण नाही, सोडत पण नाही. मी हाक मारणार नाही.